अठ्ठावन्न मिनिटांची सरळ रेघ

नोव्हेंबर महिना, दुसरा मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. ठिकाण, वडखळ सोडून नागोठण्याकडे निघाल्यावर गडबजवळचा हमरस्ता. हजर: मी, त्या वेळी सहायक पोलीस निरीक्षक, एक हवालदार, एक महिला शिपाई, पंच म्हणून जवळच्या गावचे पोलीस पाटील आणि रस्त्यावरचा एक दुकानदार. जिच्यासाठी आम्ही जमलो होतो ती बाई तिथे नव्हती. तिला पेणच्या रुग्णालयात नेले होते आणि ती वाटेतच गेली होती.

ती दुपार विसरलो असे एकही वर्ष गेले नाही. खुनाचे तपास केले, दरोड्याचे केले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा साधा रस्ता अपघात मात्र वेळेसकट आठवतो, कारण त्यात वेळेलाच महत्त्व होते आणि वेळेचा हिशेब मी स्वतः केला होता.

बाई अडतीस वर्षांची. भातकापणी चालू होती. शेतावर माणसांना जेवण पोचवून ती रिकामी भांडी पाटीत घालून घरी परत चालली होती. चौपदरीकरणाचे काम अर्धवट होते, त्यामुळे दोन्हीकडची वाहने एकाच बाजूच्या डांबरावरून जात होती. ती रस्ता ओलांडत असताना एका वाहनाने तिला उडवले. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर एक चप्पल, फुटलेली पाटी, जर्मनचा डबा, तांब्या आणि नारिंगी प्लास्टिकचा बोटभर तुकडा होता. प्रत्येक वस्तू मी मोजून नकाशात दाखवली. डबा इतक्या फुटांवर, तांब्या तितक्या फुटांवर. या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नसे. ठाण्यात मला मागून ‘यादीसाहेब’ म्हणत, ते मला माहीत होते आणि त्याचे वाईटही वाटत नसे.

बाईला रुग्णालयात नेणारा माणूस एक टेम्पोवाला होता. खाडीकडच्या गावातला, पंचेचाळिशीचा. रोह्याकडच्या गिरणीतून भाताचा कोंडा भरून पेणला चालला होता. दोन वाजून अडतीस मिनिटांनी त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. यायला वेळ लागेल म्हटल्यावर त्याने आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने मिळून बाईला कोंड्याच्या पोत्यांवर झोपवले आणि तो निघाला. रुग्णालयाच्या दारात तो उभा होता तेव्हा त्याचा सदरा रक्ताने भरला होता, टेम्पोत रक्त होते आणि टेम्पोचा पुढचा डावा इंडिकेटर फुटलेला होता.

पोलीस खात्यात नवीन आलेल्या पोरालाही यातून काय दिसेल ते मला दिसले.

पंक्चरवाल्याचा जबाब मी तिथेच घेतला. त्याने धडक पाहिली नव्हती. तो ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता. आवाज आला, मान वर केली, तर एक पांढरी बस, निळ्या पट्ट्याची, धुरळा उडवत नागोठण्याकडे चाललेली. मग टेम्पो थांबला. मी विचारले, बस थांबली का? तो म्हणाला, “कंपनीची बस कवा थांबते काय साहेब? तिला खाली चाकं हायत, ब्रेक नाय.” पोलीस पाटील हसले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की हा माणूस दुपारी थोडी घेऊन असतो, त्याचे फार मनावर घेऊ नका.

तरी मी मनावर घेतले. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, उलट यातच माझी चूक आहे. दुसऱ्याच दिवशी मी निळ्या पट्ट्याची बस शोधून काढली. पेणमधून रोह्याच्या एका कारखान्यात दुसऱ्या शिफ्टची माणसे नेणारी ती बस होती. बस कंत्राटदाराची. पेणमधून सुटल्याची वेळ त्याच्या चिठ्ठीवर: दोन वाजता. कारखान्याच्या गेटवर पोचल्याची वेळ पहारेकऱ्याने फोनवर सांगितली: दोन अठ्ठावन्न. अंतर चाळीस किलोमीटर धरले. अठ्ठावन्न मिनिटांत चाळीस किलोमीटर, म्हणजे ताशी एक्केचाळीसच्या आसपास. भरधाव म्हणावे असे त्यात काही नव्हते. बैलगाडीपेक्षा बरी, एवढेच.

पुढचा हिशेब त्याहून पक्का वाटला. अपघाताची जागा पेणपासून तेरा किलोमीटरवर. ताशी एक्केचाळीसच्या वेगाने बस तिथे एकोणीस मिनिटांत पोचते, म्हणजे दोन एकोणीसला. टेम्पोवाल्याचा फोन दोन अडतीसचा. बाई धडकेनंतर फार तर दोन-तीन मिनिटे रस्त्यावर होती. म्हणजे अपघात झाला तेव्हा बस नागोठण्याच्याही पुढे गेलेली असणार. पंक्चरवाल्याने बस पाहिली असेलही, पण ती आधी. घेणाऱ्या माणसाला एकोणीस मिनिटांचा फरक कळत नाही. हे वाक्य मी केस डायरीत जवळपास याच शब्दांत लिहिले. बसला वगळले आणि टेम्पोवाल्यावर निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूला कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला.

त्याची चौकशी मी माझ्या खोलीत केली. हात लावला नाही. हात न लावता माणसाला कसे दमवायचे ते मला येत होते. एकच प्रश्न दहा वेळा, मध्ये चहा, मग तोच प्रश्न. तो प्रत्येक वेळी तेच सांगत होता. बाई रस्त्यात पडलेली दिसली, म्हणून थांबलो. इंडिकेटर मे महिन्यात गोठ्याच्या खांबाला लागून फुटला, पैसे नव्हते म्हणून बदलला नाही. मी म्हटले, इतकी वाहने गेली, दुसरे कोणी थांबले नाही, तूच का थांबलास?

“वळखीची व्हती,” तो म्हणाला. “माझ्या बायकोच्या माहेरची. भावकीतली. तिला आम्ही वैनी म्हनतो.”

इथे मी जे बोललो ते मला शब्दशः आठवते. मी म्हटले, “म्हणजे ओळखीची निघाली म्हणून पळता आले नाही.”

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, “साहेब, मारनारा थांबतो काय? तुमी सांगा. तुमी येवढी वर्सं नोकरी केली. एक तरी थांबलेला बघितला काय?”

पाहिले नव्हते. पण प्रश्न विचारण्याचे काम माझे होते, उत्तर देण्याचे नव्हते. त्याला जामीन मिळाला, टेम्पो ठाण्याच्या आवारात उभा राहिला, लायसन निलंबनासाठी गेले. दोषारोपपत्र मी वेळेच्या आत पाठवले. वेळेच्या आत पाठवण्यात माझा लौकिक होता.

त्याचे खरे नुकसान ठाण्यात झाले नाही. मृत बाईचे गाव म्हणजे त्याच्या बायकोचे माहेर. जबाब घ्यायला मी तिथे गेलो तेव्हा सगळ्यांसमोर त्याचे नाव घेतले होते, आणि तिथे पोलिसांचा कागद म्हणजे शेवटचा शब्द. गावच्या जावयाने गावची सून मारली आणि वर उचलून नेण्याचे सोंग केले, असे गावात ठरले. तेराव्याला बायको माहेरी गेली तर मृत बाईच्या सासूने तिला ओटीवरूनच परत पाठवले. म्हणाली, “तू नको येऊस गो. तुझ्या कुंकवाला माझ्या घरात जागा नाय.” हे मला हवालदाराने सांगितले. मी ऐकून घेतले. अशा गोष्टींसाठी कोणत्याच नोंदवहीत रकाना नसतो.

सहा आठवडे झाले आणि ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. म्हणाला, तुम्ही त्या टेम्पोवाल्याला उगाच अडकवलात. मी भेटायला बोलावले तर ठाण्यात यायला तयार नाही. शेवटी गडबच्या एका टपरीवर भेटला. तो त्या बसमधला कामगार होता, कंत्राटी. चहा समोर होता, पण त्याने घेतला नाही.

त्याने सांगितले ते असे. त्या दिवशी वडखळ नाक्यावर बस अडकली होती. कुठल्याशा कारखान्याचे अवजड यंत्र घेऊन लांब ट्रेलर अलिबागच्या रस्त्याला वळत होता. आमच्याच वाहतूक हवालदाराने सगळी वाहतूक थांबवली होती. यांची बस पुढून तिसरी. गेटवर तीनच्या आत अंगठा लागला नाही तर अर्ध्या दिवसाची हजेरी जाते, त्यामुळे बसमध्ये गलका चालू होता. वाट मोकळी झाली तशी मागच्या बाकांवरून सगळे ओरडायला लागले, “दाब मामा, दाब.” ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. मामाने दाबली.

“आणि मग?” मी विचारले.

“मग ठोका ऐकू आला. सगळ्यांनी ऐकला.” तो खाली बघत म्हणाला. “कोन काय बोललं नाय. मीबी नाय बोललो. तीनला दोन कमी असताना आमी गेटात व्हतो.”

सही करशील का म्हटल्यावर तो उठला. नोकरी गेली तर तुम्ही घालणार का जेवायला, असे विचारून निघून गेला.

ठाण्यात येऊन मी त्या दिवसाची वाहतुकीची नोंदवही काढली. नोंद होती. आमच्याच ठाण्याच्या कपाटात, माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर: १४.१३ ला वडखळ नाक्यावर वाहतूक थांबवली, १४.३१ ला सोडली. खाली हवालदाराची सही आणि त्याखाली, दैनंदिन तपासणीची म्हणून, माझी.

वाचकांना वाटेल की इथे माझे डोळे उघडले. नाही उघडले. मी स्वतःशी असा विचार केला, की ठीक आहे, बस थांबली असेल. पण सुटली दोनला आणि पोचली दोन अठ्ठावन्नला, हे तर बदलत नाही. अंतरही बदलत नाही. मग वेग कसा बदलेल? चाळीस भागिले अठ्ठावन्न, उत्तर तेच. कागदावर पुन्हा करून पाहिले. पुन्हा तेच आले, आणि मला हायसे वाटले. हे हायसे वाटणे मी स्वतःला कधी माफ केले नाही.

तरीही एक काम बाकी होते. गेटची वेळ फोनवर घेतलेली होती. नोंदवही रीतसर जप्त करून ठेवावी म्हणून मी रोह्याला गेलो. पंच लागत होते. कारखान्याची माणसे पंच म्हणून चालणार नव्हती. मतदार यादीच्या कामासाठी तलाठी कार्यालयात आलेल्या वरसे इथल्या शाळेच्या एक शिक्षिका सापडल्या, त्यांना विनंती केली. नववी-दहावीला विज्ञान शिकवत. पन्नाशीच्या, डोळ्यांवर जाड चष्मा, पिशवीत पेपरांचा गठ्ठा. दुसरे पंच तलाठी कार्यालयातले शिपाई.

पंच सहसा वाचत नाहीत. कुठे सही करू, एवढेच विचारतात. बाई बसल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. मध्ये थांबून म्हणाल्या, ही वेळ कशासाठी हवी आहे? पंचाला तपासाची माहिती द्यायची नसते. पण मला माझ्या हिशेबाचा अभिमान होता. मी तो त्यांना सांगितला. वडखळला बस थांबली होती हेही सांगितले, आणि त्याने काही फरक पडत नाही हेही.

बाईंनी चष्मा काढून पुसला. “साहेब, नववीतली मुलंही हेच चुकतात,” त्या म्हणाल्या. “फक्त ती कुणाला अटक करत नाहीत.”

शिपायाने दुसरीकडे पाहिले. बाईंनी पिशवीतून तपासलेला एक पेपर काढला, त्याच्या कोऱ्या पाठीवर एक आडवी आणि एक उभी रेघ मारली. आडवीवर वेळ, मिनिटांत. उभीवर पेणपासूनचे अंतर, किलोमीटरमध्ये. म्हणाल्या, तुमचे आकडे सांगा.

मी सांगत गेलो, त्या ठिपके देत गेल्या. शून्य मिनिटाला शून्य. पेण ते वडखळ सात किलोमीटर, तिथे तेराव्या मिनिटाला. तिथून सुटली एकतिसाव्या मिनिटाला, तेव्हाही अंतर सातच. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला चाळीस. चार ठिपके. त्यांनी ते जोडले. रेघ आधी थोडी चढली, मग एकदम आडवी झाली, अगदी जमिनीसारखी सपाट, आणि तिथून शिडी लावल्यासारखी वर गेली.

“या आलेखात चढ म्हणजे चाल,” त्या म्हणाल्या. “चढ जितका उभा, तितकी गाडी जोरात. सपाट म्हणजे गाडी उभी. अठरा मिनिटं ती जागची हलली नाही. मग उरलेले तेहतीस किलोमीटर तिने किती वेळात कापले?”

अठ्ठावन्नातून एकतीस गेले, सत्तावीस मिनिटे. तेहतीस किलोमीटर सत्तावीस मिनिटांत, म्हणजे ताशी त्र्याहत्तर. मी ते तोंडीच केले.

“आणि हीसुद्धा सरासरीच,” बाई म्हणाल्या. “त्यात नागोठण्याची गर्दी आहे, भिसे खिंडीतली वळणं आहेत. तिथे कुणी सत्तरने जात नाही. मग हमरस्त्यावर काय असेल?”

मग त्यांनी पट्टी घेतली आणि पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत एक तुटक रेघ ओढली, कोपऱ्यातून कोपऱ्यात, सरळ. “ही तुमची रेघ. ताशी एक्केचाळीस. या रेघेवर ती बस कधी धावलीच नाही.”

अपघाताची जागा कुठे, त्यांनी विचारले. तेरा किलोमीटर. तेरावर त्यांनी एक आडवी रेघ ओढली. माझ्या तुटक रेघेला ती एकोणिसाव्या मिनिटाला छेदत होती. खऱ्या रेघेला छेदत होती पस्तीस आणि सदतीसच्या मध्ये. टेम्पोवाल्याचा फोन अडतिसाव्या मिनिटाचा.

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. टेम्पोचे तोंड कुठे होते, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, वडखळकडे. आणि त्या मृत बाईचे सामान कुठे पडले होते? माझ्या बॅगेत पंचनाम्याच्या नकाशाची प्रत होती. मी ती टेबलावर ठेवली. उत्तर दिशेचा बाण मी स्वतः काढला होता, ठळक. चप्पल, पाटी, डबा, तांब्या, सगळे दक्षिणेला, नागोठण्याच्या बाजूला उडालेले. सर्वांत लांब तांब्या.

“नुसती चाल पुरत नाही, साहेब. कुठल्या दिशेने, तेही लागतं. दिशा लावली की त्याला आम्ही वेग म्हणतो. वडखळकडे जाणारा टेम्पो तांब्या नागोठण्याकडे कसा उडवेल?”

नकाशात एकही चूक नव्हती. एक फूट इकडेतिकडे नव्हता. मी प्रत्येक वस्तू टिपली होती आणि एकीकडेही पाहिले नव्हते.

त्यांनी पंचनाम्यावर सही केली, वेळ टाकली, आणि पेपर परत मागितला. मी विचारले, हा मला मिळेल का? त्या म्हणाल्या, नाही, हा एका मुलीचा आहे, तिला गुण द्यायचे आहेत. मी आलेख माझ्या वहीत उतरवून घेतला. तिला किती गुण मिळाले ते विचारायचे राहून गेले.

पुढचे सगळे दोन दिवसांत झाले. नारिंगी तुकडा मुद्देमालात होता. त्यावर मी चिठ्ठी लावली होती: ‘टेम्पोच्या इंडिकेटरचा असावा.’ ‘असावा’ हा शब्द तपासात किती सोयीचा असतो ते तेव्हा कळले. टेम्पोच्या फुटलेल्या जागेत तो तुकडा बसला नाही. बसचा डावा इंडिकेटर अपघातानंतर तिसऱ्या दिवशी रोह्यातल्या एका गॅरेजमध्ये बदललेला निघाला. जुना तिथेच भंगारात पडला होता. तुकडा त्यात चपखल बसला.

बसच्या ड्रायव्हरला आणले तेव्हा मला वाटले होते, मुरलेला माणूस असेल, वेळ घेईल. तो समोर बसला आणि मी काही विचारायच्या आधीच रडू लागला. साठीला आलेला, मधुमेहाच्या गोळ्या खिशात. तो म्हणाला, “मला दिसली नाय ती. ठोका बसल्यावर कळलं. आरशात बघितलं.” मी विचारले, मग थांबला का नाहीस? तो म्हणाला, “मागं चौतीस मानसं व्हती साहेब. थांबलो असतो तर चौतिसांची हजेरी गेली असती. आनि उद्यापासून ही गाडी दुसऱ्याकडं.” त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, “एकानं जरी म्हटलं असतं ना, मामा थांब, तर थांबलो असतो.”

त्या चौतिसांचे जबाब मी घेतले. टपरीवर भेटलेला माणूसही त्यांत होता. मी त्याला ओळख दाखवली नाही, त्यानेही नाही. बहुतेकांचा जबाब एकच: झोप लागली होती. वडखळला गलका करणारी माणसे पाच मिनिटांत एकजात झोपी गेली होती. चिडून मी एकाला म्हटले, तुझ्या घरची बाई असती तर? तो शांतपणे म्हणाला, “तुमी पयला त्या टेम्पोवाल्याला सोडा, मग आमाला शिकवा.” मी पुढच्याला बोलावले.

न्यायालयाची परवानगी घेऊन पुढील तपासाचा अहवाल पाठवला. त्यात मी लिहिले: ‘तपासादरम्यान नवीन पुरावा निष्पन्न झाल्याने.’ नवीन काहीच नव्हते. नोंदवही आमची, नकाशा माझा, तुकडा आमच्या कपाटातला, फोनची वेळ पहिल्या दिवसापासून हातात. प्रत्येक गोष्ट वेगळ्या कागदावर व्यवस्थित लिहिलेली, आणि ते कागद एकमेकांशेजारी ठेवायचे मला सुचले नव्हते. वरिष्ठांनी अहवाल वाचून चिकाटीबद्दल शाबासकी दिली. मी ती घेतली.

या प्रकरणाने काय शिकवले, असे मला व्याख्यानांत विचारतात. मी सांगतो की सरासरीवर विश्वास ठेवू नका. टाळ्या पडतात. खरे शिकलो ते वेगळे आहे आणि ते व्याख्यानात सांगत नाही. आकडा चुकीचा असला तर कोणीतरी कधीतरी पकडतो. बरोबर असलेला आकडा जास्त वाईट, कारण तो पुनःपुन्हा तपासला तरी बरोबरच येतो आणि तपासणाऱ्याला शांत झोप लागते. चाळीस किलोमीटर भागिले अठ्ठावन्न मिनिटे हे आजही ताशी एक्केचाळीसच आहे. त्या भागाकारात एक बाई मेली होती आणि एक माणूस अडकला होता, त्यांचा उत्तरावर काही परिणाम झाला नाही.

टेम्पोवाला दोषमुक्त झाला. टेम्पो परत न्यायला आला तेव्हा चाकांतली हवा गेली होती, कोंडा कुजून त्यातल्या उरल्यासुरल्या भाताला कोंब फुटले होते. मी कागदांवर त्याच्या सह्या घेतल्या. गिरणीवाल्याने केव्हाच दुसरा टेम्पो लावला होता, हे त्याने सहज सांगितले, तक्रार म्हणून नाही. सगळे झाल्यावर तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी विचारले, अजून काही?

“येक काम व्हतं, साहेब.” तो म्हणाला. “कोर्टाचा कागद हाय माझ्याजवळ. सासुरवाडीत न्हेला. त्यांनी वाचला बी. पन म्हनतात, वकील धरला की असले कागद मिळतात. तुमी पयल्यांदा तिथं आलेलात ना, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलेलंत ना. तसं येकदा या. वैनीच्या सासूला सांगा, यानं नाय मारली म्हनून. तुमी सांगितलंत तर पटेल.”

मी म्हटले, येतो. या शनिवारी येतो. तो म्हणाला, “व्हय, चालंल. मी घरात सांगून ठेवतो.”

त्या शनिवारी मंत्र्यांचा बंदोबस्त लागला. हे खरे आहे, नोंद सापडेल. पुढच्या शनिवारी काही नव्हते. त्या शनिवारी मी ठाण्यात बसून प्रलंबित अर्जांची यादी केली. दोन महिन्यांनी बदली झाली. मग आणखी एक बदली, मग स्वेच्छानिवृत्ती.

का गेलो नाही, याचे कारण मला माहीत आहे. तिथे जाऊन ‘याने मारली नाही’ एवढे सांगून भागले नसते. त्या म्हातारीने विचारले असते, मग तेव्हा तुम्हीच कसे म्हणालात? अहवालात ‘नवीन पुरावा निष्पन्न झाल्याने’ लिहिता येते. ओटीवर बसलेल्या सासूसमोर ते वाक्य बोलता येत नाही. तिथे ‘मी चुकलो’ म्हणावे लागले असते, आणि सगळ्या नोकरीत ते शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते.

मधल्या काळात त्याच्या बायकोची आई वारली. माझा जुना हवालदार त्या भागातला आहे, त्याने सांगितले. मुलगी माहेरी गेली, दिवसभर अंगणात बसली, तिला कोणी हाकलले नाही आणि कोणी आत ये असेही म्हटले नाही. संध्याकाळी नवरा येऊन घेऊन गेला. तो आता वरशाला एका नव्या इमारतीवर पहारेकरी आहे. टेम्पो विकला. मृत बाईची सासू अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेली आहे, ऐकू कमी येते.

हे लिहिताना मी रीतीप्रमाणे कोणाचेही नाव घातलेले नाही. म्हणूनच हा लेख त्या गावात कोणी वाचून दाखवला तरी त्या माणसाच्या काही उपयोगाचा नाही. त्याचे नाव घेऊन, त्या म्हातारीच्या कानाजवळ, मोठ्याने सांगावे लागेल. माझ्या घरापासून ते गाव पाऊण तासाच्या अंतरावर आहे. अजून गेलेलो नाही.